वर चहा गेला का

कुशाबाई डिंगोऱ्याहून सकाळच्या एसटीने आल्या आणि नारायणगावात उतरून तडक 'मार्गी प्लेसमेंट'चा जिना चढल्या. खाली पाण्याच्या मोटारींचं दुकान, त्याच्या अंगाला गेणूची चहाची टपरी आणि वर दोन खोल्यांचं हे ऑफिस. जिना अरुंद आणि कुशाबाईंचे गुडघे दुखरे. वर येऊन त्या खुर्चीत टेकल्या, पदराने तोंड पुसलं, पाणीसुद्धा मागितलं नाही आणि समोर बसलेल्या रुपालीला सरळ विचारलं, "तुमी आमच्या पावण्याला चहा का न्हाई पाजला?"

रुपालीला वाटलं, बाई उन्हाच्या आल्यात, त्यांनाच चहा हवा असेल आणि मागायचा संकोच वाटत असेल. तिने रिजवानला खूण केली. रिजवान खिडकीकडे निघाला.

"बस रं बाबा," कुशाबाई म्हणाल्या. "आता मला पाजून काय उपेग? मोडायचं ते मोडलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कुशाबाईंचा मुलगा स्वराज अवसरीच्या सरकारी कॉलेजातून इंजिनिअर झालेला. रुपालीनेच त्याला हायवेच्या कडेच्या फळप्रक्रिया कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून लावलं होतं आणि तिथे त्याचं नाव चांगलं होतं. त्याचं लग्न पिंपळवंडीच्या हौशीरामतात्यांच्या आरोहीशी जमत आलं होतं. बघाबघी झाली होती, दोन्हीकडून पसंती होती, सुपारी फोडायचा दिवस तेवढा काढायचा होता. आणि परवा मध्यस्थाकडून निरोप आला की पोरीला पुढं शिकायचंय.

"एमएस्सी झालेल्या पोरीला आता काय पुढं शिकायचं व्हतं?" कुशाबाई म्हणाल्या. "मी खोदून खोदून इचारलं, तवा कळलं. तात्या गेल्या आठवड्यात तुमच्याकडं आलते. कोरडे बसले अन् कोरडे गेले. म्हंजी पोराची नोकरी खोटी."

"मावशी, चहाचा आणि नोकरीचा काय संबंध?"

कुशाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ही बाई वेड पांघरतेय. "साऱ्या तालुक्याला ठावं हाय, अन् तुमाला न्हाई?"

रुपालीला खरंच ठाऊक नव्हतं.

पुण्यात नोकऱ्या लावून देणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं काढून ती गावाकडे परतली होती आणि इथे तिने स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. अकाउंटंट, इंजिनिअर, क्वालिटी ऑफिसर, बँकेतली माणसं. गावातले लोक त्याला 'खुर्चीतल्या नोकऱ्या' म्हणत. तिच्याकडे माणसं दोनच. जुन्नरचा रिजवान फोन करायचा, कंपन्यांत जाऊन यायचा, आणि कुठल्या गावात कोण काय शिकलंय हे त्याला तोंडपाठ असायचं. दुसरे चांगदेवकाका. भोसरीच्या एका कारखान्यात कर्मचारी खात्यात त्यांनी जन्म काढला होता. निवृत्तीनंतर मंचरला घरी बसवेना म्हणून ते इथे येत आणि उमेदवारांच्या सरावाच्या मुलाखती घेत. बोलायला अतिशय भिडस्त. मुलाखतीत प्रश्न विचारताना उमेदवाराच्या आधी त्यांनाच घाम येई.

ऑफिसचा एक नियम होता. उमेदवाराची माहिती कुणाला द्यायची नाही. हा नियम ठेच लागून झाला होता. पहिल्याच वर्षी एका मुलाचा पगार रुपालीने सहज कुणाला सांगितला, तो त्याच्या चुलत्यांपर्यंत गेला आणि वाटणीच्या भांडणात सगळ्यांनी तो त्याच्या तोंडावर फेकला. तो मुलगा ऑफिसात येऊन तिला एवढंच म्हणाला की ताई, तुमाला घरचं समजून सांगितलं होतं. तेव्हापासून तिने तोंड शिवून घेतलं होतं.

पण लोक यायचे थांबले नव्हते. या भागात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं अवघड झालं होतं. त्यामुळे लग्नाच्या बाजारात जो तो 'कंपनीत' होता. कंपनीत म्हणजे पटावर, की ठेकेदाराच्या हाताखाली खोकी भरायला, की महिन्यापूर्वी सुटलेला, हे बायोडेटावरून कळत नसे. ते कळायची जागा एकच, मोटारींच्या दुकानावरचं हे ऑफिस. मुलींचे बाप, मामा, चुलते दबकत जिना चढत आणि इकडचं तिकडचं बोलून अखेर मुलाचं नाव काढत. रुपाली हात जोडून नाही म्हणे. ती बाहेर असली की हे काम काकांकडे येई. ते लोक निमूट उठून जात. आपला नियम किती छान पाळला जातोय, असं तिला वाटायचं.

कुशाबाईंना तिने 'बघते' म्हणून वाटेला लावलं आणि रिजवानला खाली गेणूकडे पाठवलं. तो हसत गेला आणि परत आला तेव्हा हसत नव्हता.

"ताई, खरंय," तो म्हणाला. "काका ज्याच्या पावण्याला चहा पाजतात त्या पोराची नोकरी पक्की. न्हाई पाजला तर घोळ हाय. बाकीचे लोक तर आता वर येतबी न्हाईत. गेणूभाऊच्या टपरीवर बसतात अन् इचारतात, अमक्याच्या पावण्याला वर चहा गेला का? गेणूभाऊ म्हणतो, मी काय खोटं बोलू? गेला तर गेला सांगतो."

काका कागद चाळत होते ते थांबले. मग त्यांनी चष्मा काढला. चांगल्या मुलाबद्दल कुणी विचारायला आलं आणि त्याला नाही म्हणावं लागलं, की त्यांच्या जिवाला लागे. बिचारा एवढ्या लांबून आला, निदान चहा तरी घेऊन जाऊ दे, म्हणून ते खिडकीतून गेणूला हाक मारत. आणि मुलाचं काही खरं नसलं, तर समोरच्या बापाच्या नजरेला नजर देणं त्यांना जमत नसे. मग ते कागदात डोकं घालत आणि माणूस लवकर जावा असं मनात म्हणत. चहाचं त्यांना सुचत नसे. यात काही ठरवलेलं नव्हतं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"म्हणजे मी इतके दिवस सांगतच होतो की," ते म्हणाले.

"मग हौशीरामतात्यांना का नाही मागवला?" रुपालीने विचारलं.

त्या दिवशी काका खिडकीपाशी गेले होते. खाली टपरीला फळ्या लावलेल्या होत्या. गेणूच्या गावची जत्रा होती, तो बैलगाड्यांच्या शर्यतीला गेला होता. आज चहा मिळणार नाही, एवढं साधं वाक्य पाहुण्याला कसं सांगावं हे काकांना सुचेना. ते परत येऊन बसले आणि कागद चाळू लागले. टपरी बंद आहे, हे जिना चढताना तात्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की हा माणूस चहा सांगायला उठला, खिडकीपर्यंत गेला आणि विचार बदलून परत आला.

रिजवानच्या मते यात अवघड काहीच नव्हतं. तात्यांना बोलवायचं, दोन कप पाजायचे, विषय मिटला. आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही, नियमही शाबूत.

काका मान हलवत म्हणाले, "कळत नव्हतं तोवर तो चहा होता, रिजवान. आता पाजला तर ती सही होईल. आणि सही तरी कशावर करायची?"

मग त्यांनी जे सांगितलं ते रुपालीला नवं होतं. नोकरीच्या आधी स्वराज सरावाच्या मुलाखतीला बसला होता. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, हा ठरलेला प्रश्न काकांनी विचारला तेव्हा तो क्षणभरही न थांबता म्हणाला होता, पॉलिहाऊसमध्ये. ओढ्याकाठच्या रानात ढोबळी मिरची लावायची, पाण्याचं नि खताचं सगळं यंत्रावर बसवायचं, त्याचे नकाशेही त्याने काढून ठेवले होते. लग्न झालं की वर्षा-दोन वर्षांत नोकरी सोडणार होता. काकांनी त्याला समजावलं, की असं उत्तर द्यायचं नसतं. तुमच्याच कंपनीत जबाबदारीच्या जागी असेन, असं म्हणायचं. कारखान्यात त्याने तेच म्हटलं आणि त्याला घेतलं.

"वाक्य माझं होतं," काका म्हणाले.

रुपालीने रिजवानला बाहेरचं दार लावून घ्यायला सांगितलं. तिला थोडा वेळ कुणी नको होतं. चहा पाजला तर हौशीरामतात्या मुलगी देणार, नोकरीच्या भरवशावर. नाही पाजला तर एका खऱ्या नोकरीला हे ऑफिस खोटं ठरवणार आणि पोराचं लग्न मोडलेलंच राहणार. आणि खरं काय ते आपण होऊन सांगावं, तर उद्यापासून कुठला उमेदवार या जिन्याची पायरी चढेल?

तिने स्वराजला फोन करून बोलावून घेतलं.

तो पहिली पाळी संपवून आला, कंपनीचा निळा शर्ट आणि जाड बूट घालूनच. उंच, सावळा, बोलायला मोकळा. लग्न मोडल्याचं त्याने मनाला लावून घेतलं होतं, हे बसल्यावर कळलं, कारण तो हातातली किल्ली सारखी फिरवत होता. आरोही त्याला आवडली होती. बघायच्या कार्यक्रमात तिने त्याला मातीचा सामू, म्हणजे पीएच, विचारला होता आणि त्याला तो सांगता आला होता, हे त्याने रुपालीला दोनदा सांगितलं.

मग रुपालीने पॉलिहाऊसचं विचारलं. किल्ली थांबली.

"ताई, तुमाला खोटं न्हाई सांगत," तो म्हणाला. "शेती करतो म्हटलं की पोरगी देत न्हाईत. कंपनीत हाय म्हटलं की देतात. लगीन झाल्यावर सांगणार व्हतो."

"कुणाला?"

"दोघांलाबी. कंपनीला अन् तिला."

"आणि तोवर आमच्या चहावर चालवणार होतास."

"चहाचं मला आईकडूनच कळलं, ताई. शपथ घेतो."

रुपालीला त्याचा राग यावा तितका येत नव्हता. कारखान्यात बोलायचं वाक्य त्याला याच खोलीत शिकवलेलं होतं.

"हे बघ," ती म्हणाली. "तुझी नोकरी खरी आहे, हे मी त्यांना सांगणार नाही. तू ती सोडणार आहेस, हेही सांगणार नाही. पण बोलायला जागा मी देते. रविवारी ते इथे येतील, तू पण ये. तुझं तू सांग."

"अन् न्हाई सांगितलं तर?"

"तर मी चहा मागवणार नाही."

स्वराज हसला नाही. बुटाच्या टोकाकडे बघत 'येतो' म्हणाला आणि उठला. हा 'येतो' जाण्याचा की रविवारचा, ते कुणालाच कळलं नाही.

पिंपळवंडीला रिजवान मोटारसायकलवर गेला. हौशीरामतात्या ओट्यावर बसून होते. आमचं उत्तर गेलंय, आता येऊन काय करायचं, असं म्हणून त्यांनी हात झटकला. वरून रिजवानला दूध पाजलं, तेही मोठा पेला भरून. 'आमच्याकडं नोकरी असो नसो, पावण्याला पाजतात' असा टोमणा त्याच्यासोबत होता. रिजवान बिचारा दूध पीत उत्तर शोधत होता, तेवढ्यात आरोही दारात येऊन उभी राहिली. ती मंचरला एका माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिकडूनच नुकती आली होती.

"मी जाणार आहे," ती बापाला म्हणाली. "नकार माझ्या नावावर कळवलात. मला कुठं पुढं शिकायचंय? मला विचारलं तरी का?"

तात्या रिजवानकडे वळले. त्यांनी रिजवानला विचारलं, की तुमच्या ऑफिसात पार्किंगची सोय आहे का.

रविवारी सकाळी गेणूच्या टपरीवर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. सुट्टीच्या दिवशी एवढी माणसं नारायणगावात कशाला आली असतील, याचा अंदाज रुपालीला खिडकीतून खाली पाहताच आला. डिंगोऱ्याचेही काही चेहरे होते. सगळ्यांच्या हातात ग्लास होते आणि कुणी पीत नव्हतं. हाक मारल्याशिवाय वर काही आणायचं नाही, असं तिने गेणूला आदल्या दिवशीच बजावलं होतं.

तात्या आणि आरोही आधी आले. स्वराज नंतर आला, कुशाबाईंना न आणता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. काका कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाशी बसले. रिजवान दारात उभा राहिला. रुपालीने एवढंच सांगितलं, की आमच्याकडून माहिती मिळत नाही, ज्याची आहे त्याच्याकडूनच घ्या, आणि ती गप्प बसली.

स्वराज बसल्या बसल्याच बोलून मोकळा झाला. बहुतेक वाटेत घोकून आला असावा. नोकरी खरी आहे, पटावरची आहे. पण ती आपण दोन वर्षांत सोडणार आहोत आणि रानात पॉलिहाऊस घालणार आहोत. हे बघायच्या वेळी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. एवढं बोलून त्याने खिशातून पॉलिहाऊसचा नकाशा काढला. तो कुणी मागितला नव्हता, म्हणून हातातच धरून बसला.

तात्यांनी त्याच्याकडे नि मग नकाशाकडे पाहिलं.

"म्हंजी सरतेशेवटी शेतीच," ते म्हणाले.

"व्हय."

"मग आमच्या गावात काय कमी शेतकरी व्हते का, पावणं? इंजिनिअर कशाला बघत फिरलो मी?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. स्वतः त्यांनी सारं आयुष्य टोमॅटोत काढलं होतं. कुठल्या वर्षी टोमॅटो तोडणीलाही परवडले नाहीत, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

स्वराजने काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. या वेळी त्यांच्याजवळ देण्यासारखं वाक्य नव्हतं.

आरोहीने हात पुढे करून नकाशा घेतला. तो टेबलावर पसरला, खालचा कोपरा बोटाने दाबून धरला आणि पाणी कुठून घेणार, उन्हाळ्यात ओढा आटला तर काय, असं दोन-तीन ठिकाणी विचारलं. तो सांगत गेला. एका ठिकाणी ती 'हे चुकलंय' म्हणाली आणि त्याने ते मान्य केलं. तात्या अस्वस्थ होऊन खुर्चीत हलले.

नकाशाची घडी घालत तिने विचारलं, "आणि पाच वर्षांनी मी कुठं असेन, याचं काही काढलंय का?"

काकांनी चमकून वर पाहिलं. हा प्रश्न इतकी वर्षं ते विचारत आले होते. असा कुणी विचारलेला त्यांनी ऐकला नव्हता.

"न्हाई," स्वराज म्हणाला. "ते मी कसं काढणार? तुमी सांगायचं."

"मी माझी नोकरी सोडणार नाही. मंचरला रोज जाणार. डिंगोऱ्याहून लांब पडलं तरी. मिरची तोडायला मला धरायचं नाही."

"न्हाई धरणार."

"आणि कंपनीला हे कधी सांगणार?"

"सोमवारी," तो म्हणाला. हे मात्र तो घोकून आलेला नव्हता.

खालून टपरीवरच्या लोकांची कुजबुज येत होती. काकांनी रुपालीकडे पाहिलं. रुपालीने हलकेच मान हलवली. काका उठले आणि खिडकीपाशी गेले. त्यांचं डोकं दिसताच खालची कुजबुज थांबली आणि साऱ्या माना वर झाल्या. एवढी तोंडं आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर काकांच्या तोंडून हाक फुटेना. ते तसेच उभे राहिले.

"राहू द्या काका, मी आणतो," स्वराज म्हणाला आणि जिना उतरला.

खाली त्याला वाट करून दिली गेली. गेणूने न विचारता ग्लास भरले आणि तारेच्या जाळीत ठेवले. कुणीतरी 'काय इंजिनिअर, जमलं का?' असं विचारलं. स्वराजचं सगळं लक्ष जाळीकडे होतं. वर येईपर्यंत त्याच्या पांढऱ्या बाहीवर चहा सांडलाच.

त्याने पहिला ग्लास तात्यांपुढे ठेवला, मग आरोहीपुढे. तात्यांनी ग्लासाकडे पाहिलं. हात लावला नाही. खाली साऱ्या गावाने बघितलं होतं, चहा वर गेलाय. आता तो पिणं न पिणं एवढंच त्यांच्या हातात राहिलं होतं.

"घ्यायचा का गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

आरोहीने आपला ग्लास उचलला, फुंकर घातली आणि एक घोट घेतला. थोड्या वेळाने तात्यांनीही घेतला. पिऊन झाल्यावर ते कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले, की चहात साखर फार आहे.

सुपारी पुढच्याच आठवड्यात फुटली. सोमवारी स्वराजने कारखान्यात खरं सांगितलं. साहेब चिडले आणि त्यांनी रुपालीला फोन करून बरंच ऐकवलं. दोन वर्षांत तुझ्या जागी एक माणूस तयार करून दे आणि मग जा, असं स्वराजला सांगून त्यांनी ते मिटवलं. त्या कारखान्याने पुढचा माणूस मात्र पुण्याच्या एजन्सीकडून घेतला. रुपालीने त्याबद्दल ऑफिसात काही बोलून दाखवलं नाही. काकांनी मुलाखतीतला पाच वर्षांचा प्रश्न विचारणं चालू ठेवलं, पण त्याचं उत्तर शिकवणं सोडलं.

आणि नियम आणखी एक झाला. जिना चढून जो कुणी येईल, त्याच्यापुढे बसताक्षणी चहा. काम कुणाचंही असो, पोस्टमन असो, चौकशीला आलेला बाप असो. गेणूला तसं कायमचं सांगून टाकलं. आता यातून कुणाला काही कळायचं कारण नाही, असं रुपालीला वाटलं.

दिवाळीनंतर एकदा आळे गावचे एक गृहस्थ मुलीसाठी चौकशीला आले. त्यांनी मुलाचं नाव काढलं, काकांनी हात जोडले, चहा आला. गृहस्थांनी ग्लास उचलून नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला आणि शेजारी बसलेल्या मेहुण्याला हळूच म्हणाले, "आलं न्हाई घातलेलं."

काका खुर्चीतून उठले आणि खिडकीकडे निघाले. मग अर्ध्या वाटेत थांबले. पुढे जावं की मागे फिरावं, ते त्यांना कळेना.